जुनं एन्क्रिप्टेड पार्टिशन न पुसता नवं डेबियन कसं बसवायचं

रिकाम्या डिस्कवर नवं कुलूप (एन्क्रिप्शन) बसवणं डेबियन या लिनक्स सिस्टिमच्या इन्स्टॉलरला छान जमतं. आधीपासून लावलेल्या कुलपाशी मात्र त्याचं फारसं पटत नाही. म्हणून जुनं लक्स पार्टिशन (लक्स म्हणजे लिनक्सची डिस्क एन्क्रिप्ट करण्याची पद्धत) तसंच ठेवून सिस्टिम नव्याने टाकायची असेल, तर दोन कामं आपल्या हाताने करावी लागतात. एक, पार्टिशनच्या पायरीआधी कुलूप उघडणं. दोन, पहिल्या रीस्टार्टआधी त्या कुलपाची नोंद नव्या सिस्टिममध्ये लिहिणं. पहिलं काम सगळेच करतात, कारण त्याशिवाय होमचा (आपल्या फाइल असतात त्या भागाचा) डेटा दिसतच नाही. दुसरं हमखास राहून जातं. मग ‘इन्स्टॉलेशन पूर्ण’ असं वाचून खूश झालेला माणूस दोन मिनिटांत काळ्या पडद्यासमोर बसतो.

उदाहरणाला डेबियनने स्वतः घडवलेली नेहमीची मांडणी घेऊ. एनव्हीएमई डिस्कवर तीन पार्टिशन: पहिलं ईएफआय (सिस्टिम सुरू करणाऱ्या बूट लोडरची जागा), दुसरं उघडं /बूट (कर्नल आणि सुरुवातीच्या फाइल), तिसरं लक्स. लक्सच्या पोटात एलव्हीएमचा (जागेचे भाग पाडणाऱ्या व्यवस्थेचा) ‘लॅपटॉप-व्हीजी’ नावाचा गट आणि त्यात रूट (खुद्द सिस्टिम), स्वॅप_१ (मेमरीला जोड) व होम असे तीन भाग. रूट पुसायचं, होमला हात लावायचा नाही. तुमच्याकडे एलव्हीएम नसेल आणि लक्सच्या आत थेट एक्स्ट४ फाइल सिस्टिम असेल, तर व्हीजीचेंजच्या ओळी सोडून द्या, बाकी सगळं तेच.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांत आणि लहान लिपीतच टाइप करायच्या. मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

पुसण्याआधी, जुनी सिस्टिम चालू असताना

होमचा बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्या. ‘फॉरमॅट करू नका’ हा पर्याय नीट काम करतो, पण यादीत एक ओळ वर-खाली झाली तर तो चुकीच्या भागाला लागतो.

मग सध्याची रचना बघून घ्या:

एलएसबीएलके -एफ
कॅट /ईटीसी/क्रिप्टटॅब

क्रिप्टटॅबमधली, म्हणजे कुलपांची नोंद असलेल्या फाइलमधली, ओळ कागदावर उतरवा किंवा फोनवर फोटो काढा. त्यातला पहिला शब्द, म्हणजे उघडलेल्या कुलपाचं नाव, पुढे लागणार आहे. आपल्या उदाहरणात ते ‘एनव्हीएमई०एन१पी३_क्रिप्ट’ आहे.

त्याच ओळीतला तिसरा शब्द तर जास्तच महत्त्वाचा. तिथे ‘नन’ असेल तर कुलूप पासवर्डने उघडतं. पण तिथे एखाद्या फाइलचा पत्ता असेल तर थांबा. काही जणांचं होम वेगळ्या लक्स पार्टिशनवर असतं आणि त्याची किल्ली रूटवरच्या एका फाइलमध्ये असते. रूट पार्टिशनचा पासवर्ड दिला की होम आपोआप उघडतं. वापरायला सोयीचं, पण रूट फॉरमॅट केलं की किल्लीही गेली. होमचा डेटा डिस्कवर शाबूत राहतो आणि तो उघडायला जगात काहीच उरत नाही. अशा वेळी रूट पुसण्याआधी होमच्या पार्टिशनला पासवर्डही जोडून घ्या:

क्रिप्टसेटअप लक्सअ‍ॅडकी --की-फाइल /किल्लीचा/पत्ता /डेव्ह/पार्टिशन

यात ‘अ‍ॅड’ आणि ‘की’ यांची आद्याक्षरं मोठी, पण दोन डॅशनंतरची सगळी लहान. लक्स१ मध्ये किल्ल्यांचे ८ कप्पे असतात, लक्स२ मध्ये ३२ पर्यंत. जागेची अडचण सहसा येत नाही. लॅपटॉपच्या टीपीएम (किल्ल्या जपणाऱ्या) चिपने आपोआप कुलूप उघडत असेल तरी हेच करा. नवी सिस्टिम आल्यावर ती चिप किल्ली देईलच असं नाही.

आता पासवर्ड खरंच चालतो का ते तपासा. रोज आपोआप उघडणाऱ्या कुलपाचा पासवर्ड लोक विसरलेले असतात.

क्रिप्टसेटअप ओपन --टेस्ट-पासफ्रेज /डेव्ह/एनव्हीएमई०एन१पी३

पासवर्ड बरोबर असेल तर कमांड काहीही न बोलता परत येते. चूक असेल तर या पासफ्रेजची किल्ली उपलब्ध नाही असं उत्तर मिळतं.

शेवटी हेडरची प्रत. लक्समध्ये डेटा तुमच्या पासवर्डने थेट एन्क्रिप्ट होत नाही. डेटाची खरी किल्ली पार्टिशनच्या सुरुवातीला, हेडरमध्ये, पासवर्डने झाकून ठेवलेली असते. लक्स२ चं हेडर साधारण १६ एमबीचं. तेवढा तुकडा खराब झाला तर उरलेल्या पाचशे जीबीत निरर्थक आकडे उरतात, मग पासवर्ड कितीही पाठ असो.

क्रिप्टसेटअप लक्सहेडरबॅकअप /डेव्ह/एनव्हीएमई०एन१पी३ --हेडर-बॅकअप-फाइल हेडर.इमेज

‘हेडर’ आणि ‘बॅकअप’ ही आद्याक्षरं मोठी, पण फक्त पहिल्या शब्दात. दोन डॅशनंतरची सगळी लहान. ही फाइल पेन ड्राइव्हवर ठेवा, त्याच डिस्कवर नको. कुलपात बंद असलेल्या किल्लीचा काय उपयोग? आणि एक ध्यानात असू द्या: या प्रतीत आजचे पासवर्ड कायम राहतात. उद्या पासवर्ड बदललात तरी ही फाइल आणि आजचा पासवर्ड ज्याच्याकडे असेल त्याला तुमची डिस्क उघडता येते.

कीबोर्डची भानगड

पासवर्ड बूटच्या अगदी सुरुवातीला, डेस्कटॉप येण्याच्या कितीतरी आधी टाइप करायचा असतो. तिथे इन्स्क्रिप्ट नाही, फोनेटिक नाही, भाषा बदलायचं चिन्ह नाही. म्हणून लक्सचा पासवर्ड देवनागरीत ठेवण्याचा मोह टाळा. इन्स्टॉलर मराठीतून चालवलात तरी कीबोर्ड अमेरिकन इंग्लिशच निवडा. ‘आपण ब्रिटिश इंग्रजी शिकलो’ म्हणून युनायटेड किंग्डम निवडलं, तर ॲट आणि दुहेरी अवतरण या चिन्हांच्या जागा आपापसात बदलतात, आणि पासवर्डमध्ये त्यातलं एखादं चिन्ह असेल तर बरोबर पासवर्डही चूक ठरतो. भारतात विकले जाणारे जवळपास सगळे लॅपटॉप अमेरिकन मांडणीचेच असतात.

इन्स्टॉलरमध्ये कुलूप उघडणं

पेन ड्राइव्हवरून नेहमीसारखं बूट करा. भाषा, कीबोर्ड, नेटवर्क, युजर हे सगळं होऊ द्या. युजरचं नाव जुनंच ठेवा. कारण शेवटी येतं. पार्टिशनची पद्धत विचारणारा पडदा आला की काहीही न निवडता थांबा.

ग्राफिकल इन्स्टॉलर असेल तर कंट्रोल+ऑल्ट+एफ२, साध्या अक्षरांचा असेल तर ऑल्ट+एफ२. एंटर मारला की छोटा शेल (कमांड टाइप करायची जागा) उघडतो.

क्रिप्टसेटअप ओपन /डेव्ह/एनव्हीएमई०एन१पी३ एनव्हीएमई०एन१पी३_क्रिप्ट
व्हीजीचेंज -एवाय

पासवर्ड टाइप करताना पडद्यावर ठिपकेही दिसत नाहीत, आणि एंटरनंतर एक-दोन सेकंद शांतता असते. ती मुद्दाम ठेवलेली आहे: पासवर्ड ओळखून काढू पाहणाऱ्याचा वेळ जावा म्हणून गणित अवघड केलेलं असतं. लक्स२ चं आर्गॉन२ हे गणित मेमरीही खातं, १ जीबीपर्यंत. मोठ्या मशीनची डिस्क काढून अगदी कमी रॅमच्या जुन्या लॅपटॉपला लावली, तर पासवर्ड बरोबर असूनही कुलूप उघडत नाही ते यामुळेच.

क्रिप्टसेटअप सापडत नाही असं शेल म्हणाला, तर तो भाग इन्स्टॉलरने अजून उतरवलेला नाही. मग:

अ‍ॅना-इन्स्टॉल क्रिप्टसेटअप-यूडेब
मॉडप्रोब डीएम-क्रिप्ट

एवढ्याने काम झालं नाही तर पुन्हा बूट करून एक्स्पर्ट इन्स्टॉल निवडा आणि इन्स्टॉलरचे जादा घटक विचारणाऱ्या यादीत ‘क्रिप्टो-डीएम-मॉड्यूल्स’ला खूण करा.

एलएस /डेव्ह/मॅपर देऊन बघा. रूट, स्वॅप आणि होम दिसले पाहिजेत. गटाच्या नावात एक डॅश असेल तर इथे तो दुहेरी दिसतो, ‘लॅपटॉप--व्हीजी-रूट’ असा. काही बिघडलेलं नाही, डिव्हाइस मॅपरची ती लिहिण्याची रीत आहे.

आता इन्स्टॉलरकडे परत: ग्राफिकलमध्ये कंट्रोल+ऑल्ट+एफ५, अक्षरांच्या इन्स्टॉलरमध्ये ऑल्ट+एफ१. इथे ‘मागे जा’ दाबून मुख्य यादीत या, ‘डिस्क शोधा’ ही पायरी पुन्हा चालवा आणि मग पार्टिशनमध्ये शिरा. ही फेरी चुकवली तर इन्स्टॉलर जुनीच यादी दाखवत बसतो आणि आपण कुलूप उघडलंच नाही की काय असं वाटायला लागतं.

पार्टिशनची यादी

मॅन्युअल निवडा. ‘गाइडेड’ कुठल्याही रूपात नको. ‘एन्क्रिप्टेड व्हॉल्यूम कॉन्फिगर करा’ या वाटेलाही जाऊ नका. तिथे तिसरं पार्टिशन निवडून नवं व्हॉल्यूम घडवलं की जुन्या हेडरवर नवं हेडर लिहिलं जातं.

होम: वापर एक्स्ट४, माउंट पॉइंट /होम, फॉरमॅट ‘नाही, आहे तो डेटा ठेवा’.
रूट: वापर एक्स्ट४, माउंट पॉइंट /, फॉरमॅट ‘होय’.
स्वॅप_१: स्वॅप म्हणून.
दुसरं पार्टिशन: एक्स्ट४, /बूट, फॉरमॅट ‘होय’.
पहिलं पार्टिशन: ईएफआय म्हणून वापरा, फॉरमॅट नाही. विंडोजचा बूट लोडरही इथेच राहतो.
तिसरं, म्हणजे लक्सचं मूळ पार्टिशन: त्याला काहीही सांगायचं नाही. आत काय आहे ते उघडलेल्या कुलपातून दिसतंच आहे. बाहेरच्या पार्टिशनला फॉरमॅटची खूण लागली तर कुलपासकट सगळं गेलं.

जपायच्या भागापुढे यादीत ‘के’ हे रोमन अक्षर दिसतं, फॉरमॅट होणाऱ्यापुढे ‘एफ’. बदल लिहिण्याआधी इन्स्टॉलर फॉरमॅट होणाऱ्या भागांची शेवटची यादी दाखवतो. त्यात ‘होम’ हा शब्द नसला पाहिजे, आणि तिसऱ्या पार्टिशनचं नावही नसलं पाहिजे. हा एकच पडदा मोठ्याने, अक्षर न् अक्षर वाचण्यासारखा आहे. बाकीचे पटापट पुढे ढकलले तरी चालतात.

गटात मोकळी जागा असेल तर त्याहून सुरक्षित वाट आहे: जुनं रूट तसंच ठेवून तीसेक जीबीचा नवा भाग घडवायचा आणि नवी सिस्टिम त्यात टाकायची. जुनी सिस्टिम चार दिवस हाताशी राहते, एखादी सेटिंग फाइल काढून घेता येते. अशा वेळी /बूट मात्र फॉरमॅट करायचं नाही, आणि त्यात दोन सिस्टिमचे कर्नल मावतील एवढी जागा आहे ना ते आधी बघायचं.

जुन्या मांडणीत होम वेगळं नव्हतंच, सगळं रूटमध्येच होतं, तर हा लेख तुमच्या फारसा उपयोगाचा नाही. बॅकअप घ्या आणि होम वेगळं ठेवून डिस्क पहिल्यापासून नीट बांधा.

रीस्टार्टआधीची नोंद

इन्स्टॉलेशन पुढे चालू द्या. ग्रब हा बूट लोडर बसेल आणि ‘इन्स्टॉलेशन पूर्ण झालं, पेन ड्राइव्ह काढा’ असा पडदा येईल. इथे पुढे जाऊ नका. कुलूप आपण मागच्या दाराने उघडलं होतं, त्यामुळे इन्स्टॉलरने क्रिप्टटॅबमध्ये काही लिहिलेलं नसतं. नव्या सिस्टिमला वाटतं की रूट हा साधा एलव्हीएम भाग आहे. पुन्हा दुसऱ्या कन्सोलवर जा:

माउंट --बाइंड /डेव्ह /टार्गेट/डेव्ह
सीएचरूट /टार्गेट /बिन/बॅश
माउंट

सीएचरूटने आपण नव्या सिस्टिमच्या आत शिरतो. शेवटच्या कमांडच्या यादीत /बूट, प्रॉक आणि सिस दिसतात ना बघा. मग:

एपीटी इन्स्टॉल क्रिप्टसेटअप-इनिट्रॅमएफएस एलव्हीएम२

नुसतं ‘क्रिप्टसेटअप’ पुरत नाही. बूटच्या सुरुवातीला चालणाऱ्या छोट्या सिस्टिममध्ये, म्हणजे इनिट्रॅमएफएसमध्ये, पासवर्ड विचारणारे तुकडे या वेगळ्या पॅकेजमध्ये असतात. आता नोंद:

एको "एनव्हीएमई०एन१पी३_क्रिप्ट यूयूआयडी=$(ब्लकआयडी -एस यूयूआयडी -ओ व्हॅल्यू /डेव्ह/एनव्हीएमई०एन१पी३) नन लक्स,डिस्कार्ड" >> /ईटीसी/क्रिप्टटॅब

‘यूयूआयडी’ दोन्ही ठिकाणी मोठ्या अक्षरांत. ती पार्टिशनची छत्तीस अक्षरांची ओळख हाताने टाइप करायचीच नाही, म्हणून ब्लकआयडीलाच कामाला लावलं आहे. आणि ‘>>’ मधले बाण दोन. एकच दिला तर फाइलमध्ये आधी जे असेल ते पुसलं जातं. ‘डिस्कार्ड’ने एसएसडीला रिकामी जागा कळते. त्याची किंमत म्हणजे डिस्क हाती आलेल्याला आत किती जागा भरली आहे याचा अंदाज बांधता येतो. घरच्या लॅपटॉपला ते परवडतं. नको असेल तर स्वल्पविरामासकट तो शब्द काढा.

या ओळीत दोन चुका वारंवार होतात. एक, आतल्या एक्स्ट४ ची ओळख दिली जाते. हवी ती बाहेरच्या लक्स पार्टिशनची. दुसरी, पहिला शब्द वेगळा पडतो. शेलमध्ये कुलूप ‘घर’ नावाने उघडलं आणि इथे ‘एनव्हीएमई०एन१पी३_क्रिप्ट’ लिहिलं, तर पुढच्या कमांडला या क्षणी उघडं असलेलं ‘घर’ क्रिप्टटॅबमध्ये सापडत नाही. ती तसा इशारा देते आणि पुढे जाते. इशारा पिवळा-लाल काही नसतो, साधी एक ओळ असते.

अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू -के ऑल

त्या ओळीसाठी डोळे उघडे ठेवा. मग पडताळणी:

एलएसइनिट्रॅमएफएस -एल /बूट/इनिटआरडी.आयएमजी-* | ग्रेप क्रिप्ट

यादीत ‘क्रिप्टसेटअप’ आणि ‘क्रिप्टरूट/क्रिप्टटॅब’ दोन्ही हवेत, आणि त्या क्रिप्टटॅबचा आकार शून्य नको. शून्य असेल तर नावाचा किंवा ओळखीचा घोळ झाला आहे; आत्ताच सोडवा. सगळं ठीक असेल तर एक्झिट, इन्स्टॉलरकडे परत, आणि आता पुढे जा.

नोंद राहिलीच तर

मशीन बराच वेळ थांबतं, मग रूट फाइल सिस्टिमची वाट पाहणं सोडून दिल्याचा संदेश येतो आणि इनिट्रॅमएफएसचा शेल उघडतो. डेटाला काही झालेलं नाही, पुन्हा इन्स्टॉल करायचीही गरज नाही. त्या शेलमध्ये क्रिप्टसेटअप असेल, म्हणजे पॅकेज बसलं होतं पण ओळ चुकली होती, तर तिथूनच उघडा:

क्रिप्टसेटअप ओपन /डेव्ह/एनव्हीएमई०एन१पी३ एनव्हीएमई०एन१पी३_क्रिप्ट
एलव्हीएम व्हीजीचेंज -एवाय
एक्झिट

सिस्टिम सुरू होईल. लगेच क्रिप्टटॅब सुधारा आणि अपडेट-इनिट्रॅमएफएस चालवा. क्रिप्टसेटअपच नसेल तर लाइव्ह पेन ड्राइव्हवरून बूट करा, कुलूप त्याच नावाने उघडा, आणि या क्रमाने माउंट करा: रूट /एमएनटी वर, दुसरं पार्टिशन /एमएनटी/बूट वर, मग डेव्ह, प्रॉक आणि सिस बाइंड करून सीएचरूट. /बूट माउंट करायचं विसरलं तर सगळ्या कमांड बिनतक्रार चालतात, पण नवी फाइल रूटमधल्या रिकाम्या बूट फोल्डरमध्ये पडते आणि पुढच्या बूटला तोच काळा पडदा. ‘दोनदा केलं तरी होत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

लिनक्स मिंटमध्ये हीच कसरत लाइव्ह डेस्कटॉपवरून सोपी जाते: आधी टर्मिनलमध्ये कुलूप उघडा, मग इन्स्टॉलर सुरू करून ‘समथिंग एल्स’ निवडा, शेवटी रीस्टार्ट न करता ‘वापरून पाहत राहा’ म्हणा आणि सीएचरूटचा भाग करा. फाइल मॅनेजरवर डबल क्लिक करून कुलूप उघडू नका. तो स्वतःच्या मनाने लांबलचक नाव देतो आणि नावाची गाठ पडत नाही. फेडोराच्या अ‍ॅनाकोंडात तर हाताने पार्टिशन मांडताना ‘अनलॉक’चं बटणच असतं.

/बूटसुद्धा एन्क्रिप्ट केलेलं असेल तर प्रकरण वेगळं. डेबियन १२ च्या ग्रबला आर्गॉन२ ची किल्ली उघडता येत नाही. त्याच्यासाठी लक्स१, किंवा पीबीकेडीएफ२ हे जुनं गणित वापरणारं लक्स२ लागतं. क्रिप्टसेटअप लक्सडंप, यात ‘डंप’चं आद्याक्षर मोठं, दिलं की प्रत्येक कप्प्यापुढे कोणतं गणित आहे ते दिसतं. तिथे आर्गॉन दिसलं आणि उघडं /बूट नसेल, तर छोटं उघडं पार्टिशन बाजूला काढणं हाच कमी त्रासाचा मार्ग.

आत शिरल्यावर

लिनक्स फाइलचा मालक नावाने नव्हे, आकड्याने ओळखतं. इन्स्टॉलरने घडवलेल्या पहिल्या युजरला १००० मिळतो. जुन्या सिस्टिममध्येही तुम्ही पहिलेच होता आणि नाव तेच दिलंत, तर होम जसंच्या तसं उघडतं. घरात दोघांची खाती असतील तर दुसऱ्याचं खातं घडवण्याआधी एलएस -एलएन /होम देऊन त्याचा जुना आकडा बघा, बहुधा १००१ असेल, आणि खातं त्याच आकड्याने घडवा. उलटसुलट झालं तर एकाला दुसऱ्याचे फोटो दिसतात आणि स्वतःचे दिसत नाहीत.

डेस्कटॉप वेडावाकडा दिसला तर दोष जुन्या लपलेल्या सेटिंग फोल्डरचा असतो. टिंबाने सुरू होणाऱ्या ‘.कॉन्फिग’चं नाव बदलून पुन्हा लॉगिन करा. चाललं तर आतलं हवं तेवढंच परत आणा. जुन्या आवृत्तीकडे मागे गेला असाल तर फायरफॉक्स नव्या आवृत्तीचं प्रोफाइल उघडायला नकार देतो, त्यामुळे बुकमार्क आधीच एक्स्पोर्ट केलेले बरे.

त्याच डिस्कवर दुसरी लिनक्सही नांदत असेल आणि स्वॅप दोघींचा सामाईक असेल, तर इन्स्टॉलरने स्वॅप नव्याने फॉरमॅट केल्यामुळे त्याची ओळख बदललेली असते. दुसरी सिस्टिम सुरू होताना जुन्या ओळखीची वाट बघत १ मिनिट ३० सेकंद थांबते. तिच्या एफएसटॅबमध्ये (माउंट करायच्या भागांच्या यादीत) नवी ओळख लिहा, इनिट्रॅमएफएस-टूल्सच्या ‘रिझ्यूम’ फाइलमध्येही तीच लिहा, आणि तिथेही अपडेट-इनिट्रॅमएफएस चालवा. सामाईक स्वॅपवर हायबरनेट मात्र दोघींपैकी कोणालाच करू देऊ नका.